दिवाळी अंकांची यादी, अपडेट ४: दोन्ही टेबलं नव्या सर्व्हरवर गेली एकदाची

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये सांगितलं होतं की ६४० अंक नोंदवून झालेत आणि जुना लॅपटॉप आता कधीही मान टाकेल अशी अवस्था आहे, तर या शनिवार-रविवारी सगळा डेटा होस्टिंगवर हलवला. टेबलं दोनच, 'अंक' आणि 'लेख'. 'अंक'मध्ये नाव, वर्ष, संपादक, किंमत, पानं, प्रतीची अवस्था, आणि 'लेख'मध्ये प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, कथा-कविता सगळं धरून १९ हजारांच्या वर रो. आई वाचून दाखवते आणि मी टाइप करतो, असं चार वर्षं चाललंय हे, त्यामुळे यातली एक ओळही हरवलेली मला चालणार नव्हती.

काम सगळं पीएचपीमायअॅडमिनमध्येच केलं (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं टूल). एक्सपोर्टला 'क्विक' न घेता 'कस्टम' घ्या, कारण 'ड्रॉप टेबल'ची टिक तिथेच मिळते. ती नसली आणि समोर त्याच नावाचं टेबल आधीपासून असलं की १०५० नंबरची एरर येऊन गाडी तिथेच थांबते. पण टिक केली तर समोरचं जुनं टेबल पुसलं जातं हेही लक्षात ठेवा, म्हणजे त्यात काही ठेवण्यासारखं असेल तर आधी त्याचा एक्सपोर्ट.

फाइल झाली ४.८ एमबीची आणि होस्टिंगच्या इंपोर्ट पानावर लिहिलेलं कमाल २,०४८ केआयबी. पीएचपीची (हे टूल ज्या भाषेत लिहिलंय ती) अपलोडची मूळ मर्यादाच २ एमबी असते, आणि शेअर्ड होस्टिंगवर ती आपल्याला वाढवता येईलच असं नाही. मग एक्सपोर्टमध्येच कॉम्प्रेशनला जीझिप (फाइल दाबून लहान करायची पद्धत) निवडलं आणि तीच फाइल एक एमबीच्या आत आली! आपल्या मजकुराला हे फार मानवतं, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच, मग दाबायला भरपूर वाव. फक्त डाउनलोड झालेल्या फाइलचं एक्स्टेन्शन बदलू नका, टूल त्यावरूनच ओळखतं.

पुढची अडचण १२७३ नंबरची एरर, अननोन कोलेशन (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम). लॅपटॉपवर डेटाबेस मायएसक्यूएल ८ आणि होस्टिंगवर त्याचाच भाऊबंद मारियाडीबी, त्यामुळे 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' हे नाव तिकडच्या व्हर्जनला माहीतच नाही. फाइल नोटपॅड++ मध्ये उघडून रिप्लेस ऑल करून 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' टाकलं, सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च राहू दिलं, परत झिप केलं आणि इंपोर्ट झालं. दोन्हीकडचे रो मोजले, जुळले.

खरा वेळ गेला तो सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल). नाशिकच्या एका मित्राने त्याच्या २१२ अंकांची एक्सेल यादी सीएसव्ही करून पाठवली होती, ती इंपोर्ट केली, हिरव्या पट्टीत २१२ रो इन्सर्टेड असं आलं, मला वाटलं झालं काम, आणि ब्राउज करून बघतो तर नावाच्या कॉलममध्ये नुसती प्रश्नचिन्हं. 'दीपावली'च्या जागी सात प्रश्नचिन्हं. एक्सेलमध्ये साधं सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की असं होतं, अक्षरं फाइलमध्येच मेलेली असतात, इंपोर्टला कितीही एन्कोडिंग बदलून बघा ती परत येत नाहीत. मित्राला 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडून परत सेव्ह करायला सांगितलं, मग नीट आलं.

याउलट आपणच एक्सपोर्ट केलेली सीएसव्ही डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मध्येमध्ये जपानी येनचं चिन्ह असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका. (दुसऱ्या वेलांटीच्या आणि उकारांच्या जागी येन येतो, बघा कधी.) तिथे डेटा शाबूत असतो, एक्सेल फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचतंय. सेव्ह न करता बंद करा आणि डेटा टॅबमधून फाइल ओरिजिन यूटीएफ-८ देऊन उघडा. त्याच अवस्थेत सेव्ह केलं तर मात्र कचराच पक्का होतो.

आता मी प्रत्येक इंपोर्टनंतर एक क्वेरी चालवतो, नावाच्या कॉलमची लेंग्थ (बाइट किती) आणि कॅरॅक्टर लेंग्थ (चिन्हं किती) शेजारीशेजारी. 'दीपावली'ला काना-वेलांट्या वेगळ्या धरून ७ कॅरॅक्टर आणि २१ बाइट यायला हवेत. ७ आणि ७ आले म्हणजे प्रश्नचिन्हं. दोन्ही आकडे सारखे असलेले रो वेगळे काढले की १९ हजारांतून चुकार ओळी लगेच सापडतात, माझ्याकडे फक्त इंग्रजी नावाचे सहा निघाले आणि ते बरोबरच होते.

शेवटी आईला शेजारी बसवून तिने सांगितलेले वीस-पंचवीस अंक उघडून दाखवले. तिने सगळ्यात आधी 'मनोरंजन' १९०९ बघायला सांगितला, का. र. मित्रांचा पहिला दिवाळी अंक, आमच्या शोधयादीतली पहिली नोंद. नाव, वर्ष, संपादक जागच्या जागी आहेत, आणि प्रतीच्या कॉलममध्ये अजून नलच (म्हणजे रिकामं) आहे.