पाकीट उघडलंच नव्हतं

मी कॅलिफोर्नियात सालिनास व्हॅलीतल्या एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये बेनिफिट्सचं काम करते. म्हणजे पेशंटला कुठला इन्शुरन्स बसतो, फॉर्म कुठे अडकलाय, औषधाचे पैसे कोण देणार हे सगळं बघायचं. लग्नाआधी सांगलीकडे आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात, काउन्सेलर होते, त्यामुळे इथेही एचआयव्हीचे पेशंट बहुतेक माझ्याकडेच येतात. हे २ जानेवारी २०२४ चं आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

जानेवारीत इथे गर्दी कमी असते कारण लेट्यूस तोडणाऱ्या टोळ्या नोव्हेंबरातच ॲरिझोनात युमाला जातात आणि वसंतात परत येतात. हे काका (वय ४३, पण उन्हाने पन्नाशीचे दिसतात) त्या वर्षी गेलेच नव्हते. जांघेत हर्निया, खोके उचलवत नव्हते, खुर्चीवर बसतानासुद्धा एक हात तिथे दाबून धरलेला. मेक्सिकोतून येऊन वीस वर्षं झाली, इथे राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत. माझं स्पॅनिश अजून अडखळतं पण ते मला सेन्योरा म्हणतात, मीही अहो-जाहोच करते.

आता यातली गंमत नाही, वेदना समजून घ्या. त्यांच्या एचआयव्हीच्या गोळ्या कधीच चुकल्या नव्हत्या, व्हायरल लोड किती वर्षं अनडिटेक्टेबल, म्हणजे रक्तात व्हायरस इतका कमी की तपासणीत दिसतच नाही. महिन्याला तीन हजार डॉलरच्या वर किंमत असलेली ती एक गोळी त्यांना फुकट मिळायची, कारण रायन व्हाइट कायदा, म्हणजे ज्यांना परवडत नाही अशा एचआयव्हीच्या पेशंटसाठीचा कायदा, आणि त्यातला औषधं देणारा एडॅप प्रोग्राम, तिथे कागदपत्रं आहेत का असं विचारत नाहीत. हा कायदा १९९० चा, इंडियानातल्या एचआयव्ही झालेल्या ज्या मुलाचं नाव त्याला दिलंय तो त्याच वर्षी गेला. पण एडॅप औषधं देतं, हर्नियाचं ऑपरेशन नाही देत. आणि मेडी-कॅल, म्हणजे इथला सरकारी इन्शुरन्स, त्यांना फक्त इमर्जन्सीपुरता होता. हर्निया अडकला, आतडं काळं पडायला लागलं तर ऑपरेशन होईल, तोपर्यंत हाताने दाबून धरा. व्हायरसला कव्हरेज होतं, माणसाला नव्हतं!

त्यांच्या एकाच घरात बघा. मुली इथेच जन्मल्या, त्यांना पहिल्यापासून पूर्ण कव्हरेज. बिनकागदाच्या मुलांना २०१६ मध्ये मिळालं, १९ ते २५ वाल्यांना २०२० मध्ये, तेव्हा पुतण्या आत आला. पन्नाशीपुढच्यांना मे २०२२ मध्ये, तेव्हा आई आली. मधले २६ ते ४९, जे शेतात वाकून सगळ्या घराला पोसतात, ते सगळ्यात शेवटी.

तर त्या दिवशी ते एडॅपच्या कागदासाठी आले होते. जाता जाता जॅकेटच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि हळूच विचारलं, हे इमिग्रेशनचं आहे का? तीन आठवडे बायकोलाही दाखवलं नव्हतं. उघडलंच नव्हतं.

मी उघडलं. आत स्पॅनिशमध्येच लिहिलं होतं की १ जानेवारीपासून तुमचं मेडी-कॅल आता पूर्ण कव्हरेजचं झालंय, नवीन अर्ज करायची गरज नाही, ज्यांचं इमर्जन्सीवालं होतं त्यांचं आपोआप बदललं. म्हणजे कालपासून ते कव्हर होते आणि ते पत्र खिशात घेऊन फिरत होते. मी मोठ्याने वाचलं, त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, मग म्हणाले, पण कार्गा पुब्लिका?

म्हणजे पब्लिक चार्ज, सरकारवर भार. हा शब्द ऐकला की मला २०२० आठवतं. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड मिळणार नाही असा कडक नियम तेव्हा लागू झाला होता आणि काकांनी मुलींचे फूड स्टॅम्प (सरकारकडून मिळणारी किराण्याची मदत) चालू ठेवू का असं मलाच विचारलं होतं. मुलींना मिळणारी मदत बापाच्या नावावर धरली जात नव्हती, हे मला पक्कं माहीत असायला हवं होतं. मी घाबरून म्हटलं, वकिलाला विचारा. त्यांनी वकिलाला विचारलं नाही, बंद करून टाकले. २०२१ मध्ये तो नियम गेला, पण भीती नाही गेली. ह्यावेळी मी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली आणि एकेक ओळ समजावली, तेव्हाच्या नियमात नर्सिंग होमसारखी कायमची सोय सोडली तर मेडी-कॅल मोजत नव्हते, आणि कधीतरी अर्ज करायची वेळ आली तर आपल्याच क्लिनिकमधल्या वकीलबाईंकडे मी स्वतः घेऊन जाईन.

मग खरा प्रश्न आला. घरी नऊ माणसं, टपाल जो आधी येईल तो उघडतो, एचआयव्हीचं फक्त बायकोला माहीत. इन्शुरन्स प्लॅनच्या पत्रावर काय छापून येणार? तर मेडिकल टपाल वेगळ्या पत्त्यावर मागवायची सोय असते, तो फॉर्म तिथेच भरला.

सर्जनच्या रेफरलसाठी फोनवर होल्डवर बसले होते तेव्हा मला सांगलीची एक बाई आठवत होती. २००४ नंतर आपल्याकडे सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, फुकट झालं, तिला गोळ्या मिळाल्या, पण गर्भाशयाच्या ऑपरेशनला एका हॉस्पिटलने रिपोर्ट बघून टेबलावरून परत पाठवलं होतं. तेव्हा मी तिच्यासोबत रिक्षात बसून नुसती रडले होते. इथे निदान फोन तरी लावता येत होता.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. आता १ जानेवारी २०२६ पासून बिनकागदाच्या मोठ्या माणसांना पूर्ण मेडी-कॅलची नवीन नावनोंदणी बंद आहे (गरोदर बायका सोडून), हे मला अजिबात पटत नाही, पण आत आहेत त्यांना रिन्यूअल चुकवून चालायचं नाही. त्यामुळे काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीचं, पाकीट आलं की काका दारातच फाडतात आणि फोटो काढून क्लिनिकच्या नंबरवर पाठवतात. परवा युमाहून आला होता एक फोटो, पत्र पुतण्याने उघडून त्यांना पाठवलेलं, त्यांनी मला. फॉर्मची शेवटची तारीख त्यांनी स्वतःच पेनाने गोल केली होती.