थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा: छोट्या कॅम्पसवर पोहे, मेंदी आणि दोन लिप्यांचं टेबल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं अमेरिकेला निघाली की घरच्यांच्या डोळ्यांसमोर पन्नास हजार विद्यार्थ्यांची अवाढव्य विद्यापीठं येतात. प्रत्यक्षात बरीच जण जाऊन पडतात मधल्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात. दीड-दोन हजार विद्यार्थी, एक मेस, एक स्टुडंट युनियनची इमारत, चारी बाजूंना मक्याची शेतं. अशा कॅम्पसवर नोव्हेंबरात एक आठवडा येतो आणि गेल्या गेल्या तीन महिन्यांतच आपल्या पोरांच्या गळ्यात पडतो, कारण परदेशी विद्यार्थी मोजून पन्नास-साठ. त्याचं नाव इंटरनॅशनल एज्युकेशन वीक. अमेरिकेच्या परराष्ट्र आणि शिक्षण खात्यांनी मिळून तो २००० साली सुरू केला. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, त्याच्या आधीच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी हा साजरा होतो. दिवाळी कधी कधी त्याच सुमारास येते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, म्हणजे पाडवा आणि भाऊबीज थेट त्याच आठवड्यात. एरवी दिवाळीचा फराळ संपून डबे घासून ठेवलेले असतात, आणि १ नोव्हेंबरही, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, आपल्या भागात जसा जातो तसा जाऊन झालेला असतो.

आपल्याकडं गॅदरिंग म्हटलं की मंडपवाला, साउंडवाला, केटरर आणि कॉलेजचे शिपाई एवढ्यांवर भागतं. तिथं ज्याचा कार्यक्रम त्यानंच खुर्च्या मांडायच्या आणि त्यानंच घड्या घालून परत ठेवायच्या. छोट्या कॅम्पसवर कार्यक्रमांचं बुकिंग बघणारा माणूस एकच असतो. म्हणून टेबल, हॉल, माईक यांची मागणी तीन-चार आठवडे आधी टाकायची. ऑक्टोबरच्या मध्यावर जाग आली तर ठीक, नोव्हेंबर उजाडला तर युनियनमधली चांगली जागा बास्केटबॉलवाल्यांनी घेतलेली असते. जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. बऱ्याच कॉलेजांत आठवड्यातून एकदा-दोनदा दुपारचा एक तास कुठलाच वर्ग नसतो. टेबल त्या तासाला मेसच्या दाराशी लावायचं. संध्याकाळचा कार्यक्रम अवघड जातो, कारण पावणेपाचलाच अंधार पडतो आणि थंडी शून्याच्या आसपास. त्या हवेत खोलीतून उठून कोण येणार? दोन प्राध्यापकांना भेटून वर्गात जादा गुण द्यायला लावले तर तीस-चाळीस डोकी हमखास येतात. पोस्टरांवर खर्च करण्यापेक्षा हे बरं.

पैसा विद्यार्थी परिषदेकडून मिळतो, पण मागून. दुकानातली पावती वस्तूवार हवी; नुसती कार्डाची चिठ्ठी चालत नाही. कॉलेजला विक्रीकर माफ असेल तर तो फॉर्म दुकानात आधी दाखवावा लागतो. नंतर तो कर स्वतःच्या खिशातून जातो. स्वतःचं सामान आणि क्लबचं सामान एकाच बिलावर घेतलं तर दोन्ही अडकतात.

आता वीज. इथं पोरं हमखास फसतात. घरून आणलेला मिक्सर किंवा इंडक्शन शेगडी २३० व्होल्टची, तिथला पुरवठा १२० व्होल्टचा. पिन बदलणारा अडॅप्टर लावला म्हणजे पिन बसते, व्होल्ट बदलत नाहीत. शेगडी एररचा आकडा दाखवून गप्प बसते. तिथलीच उपकरणं मागून घेतली तरी दुसरी अडचण असते. भिंतीतलं एक सर्किट बहुधा १५ अँपिअरचं, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट, आणि सलग चालवायचं तर १४४० च्या आतच राहायचं. चहाचा मोठा अर्न १५०० वॅटचा, अन्न गरम ठेवायचा रोस्टर तेवढाच. दोन्ही एकाच भिंतीला लावले की ब्रेकर उडतो. अख्ख्या रांगेतल्या टेबलांचे दिवे जातात आणि सगळे आपल्याकडं बघतात. एक्स्टेंशन बोर्डानं काही साधत नाही, कारण तोही त्याच सर्किटवर. आदल्या दिवशी इमारत सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचं: कुठली भिंत कुठल्या ब्रेकरवर? तो हसून सांगतो, आणि बहुतेक वेळा सोबत जाड वायरही देतो.

खाण्याचं टेबल सगळ्यांना हवं असतं. पण कॅम्पसच्या इमारतीत बाहेरचं शिजवलेलं अन्न आणायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, मेसच्या कंत्राटामुळं. घरी शिजवून आणण्याचा हट्ट सोडावा आणि मेसच्या आचाऱ्याला कृती द्यावी. पदार्थ कुठला? उप्पीट नको. ते ट्रेमध्ये अर्ध्या तासात विटेसारखं बसतं, आणि रव्यात गहू. मांडे तर विसराच. पोहे उत्तम. तांदळाचे, त्यामुळं गहू न चालणारेही खातात.

दीडशे जणांना चवीपुरते, म्हणजे माणशी साधारण ७० ग्रॅम, द्यायचे तर जाडे पोहे ४ किलो, कांदा अडीच किलो, बटाटा २ किलो, तेल ६०० मिली, मीठ ११० ग्रॅम, साखर तेवढीच, हळद २५ ग्रॅम, हिरव्या मिरच्या १५० ग्रॅम, लिंबं डझनभर, कोथिंबीर चार जुड्या. कृतीत चमचा-वाटी लिहू नये. तिथला कप आणि आपली वाटी यांची गाठ पडत नाही, आणि आचारी वजनानंच काम करतो. पोहे भिजवायचे नाहीत, हे दोनदा लिहायचं. भोकाच्या ट्रेमध्ये एकेक किलो घेऊन गार पाण्याखाली हलवायचे, दहा मिनिटं निथळू द्यायचे. एवढं सांगूनही पहिल्या खेपेला भाताच्या सवयीनं ते पाण्यात पडतातच. म्हणून आधीच्या आठवड्यात अर्धा किलोचा नमुना करून बघायला लावावा.

शिजवल्यानंतरचा घोळ वेगळा. नियमाप्रमाणं गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचं नाही. मेसवाले थर्मामीटर खुपसून बघतात आणि कागदावर लिहितात. वाफेच्या ट्रेवर झाकण घट्ट लावलं की झाकणाचं पाणी कडेनं उतरतं आणि कडेच्या पोह्यांचा लगदा होतो. झाकण काढलं तर मधले चामट. उथळ ट्रे घ्यायचा, एका वेळी दीड-दोन किलोच तयार पोहे त्यात घालायचे, वर फॉइलला सुरीनं चार भोकं पाडायची आणि वीस मिनिटांनी कढत पाण्याचा हबका मारायचा. बाकीचे आत स्वयंपाकघरात.

शेंगदाण्याचं मात्र मनावर घ्या. तिथं नऊ पदार्थ मोठे अॅलर्जीकारक म्हणून लेबलावर लिहावे लागतात: दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि २०२३ पासून तीळसुद्धा. शेंगदाणे वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात तळून वेगळ्या भांड्यात ठेवायचे, किंवा सरळ वगळायचे. वगळणं बरं, कारण वाढपाचा चमचा या भांड्यातून त्या भांड्यात जातोच. फोडणीतला हिंगही तपासा. बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे गहू नसलेला पदार्थ अशी पाटी लावून चिमूटभर हिंगानं आपण खोटं ठरतो.

मेंदीला रांग सगळ्यात लांब लागते. त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनानं मेंदीला मान्यता दिलीय ती फक्त केस रंगवायला, त्वचेसाठी नाही. त्यामुळं काही कॉलेजांत प्रत्येकाकडून संमतीचा कागद भरून घ्यावा लागतो. काळी मेंदी चुकूनही वापरू नये. तिच्यात बहुधा पीपीडी नावाचं केसांच्या कलपातलं रसायन असतं आणि त्यानं कातडीवर फोड येतात. कोनावर घटक लिहिलेले नसतील तर तो कोन घ्यायचाच नाही. एका हाताला पाच मिनिटं धरली तर दोघीजणी दोन तासांत चाळीस हात उरकतात, जास्त नाही. म्हणून चाळीसच टोकन फाडायची. अठ्ठेचाळीसच्या हिशोबात राहिलात तर शेवटची आठ माणसं रागावून जातात. नोव्हेंबरातली खरी अडचण कोटाची. ओली मेंदी घेऊन पोरं जाड बाह्यांत हात घालतात आणि नक्षी अस्तराला जाते. कोट आधी अंगात चढवून बाही कोपरापर्यंत सरकवायला सांगायचं, आणि निदान वीस मिनिटं बसवून ठेवायचं. मेंदी झाडली की रंग नारिंगी दिसतो, तेव्हा फसल्यासारखं त्यांचं तोंड होतं. उद्या-परवा गडद होईल, एवढी ओळ कार्डावर लिहून द्यावी.

रांगोळीचं थोडक्यात. बेळगावच्या गणपत गल्लीतून घेतलेली पूड आतल्या गालिच्यावर टाकू नका. ती धाग्यांत बसते, व्हॅक्यूम मशीनचा फिल्टर तुंबवते आणि सफाईचं बिल क्लबच्या नावावर निघतं. बाहेरच्या सिमेंटवर खडूनं काढायला परवानगी मिळते, फक्त पावसाचा अंदाज बघून. आतच हवी असेल तर काळ्या पुठ्ठ्यावर काढायची, छताच्या गरम हवेच्या झरोक्यापासून लांब.

आता आपल्या भागातल्या पोरांनी लावावंच असं टेबल. खर्च जवळजवळ नाही, परवानगीची कटकट नाही, वीज नको. आलेल्या माणसाचं नाव एका कार्डावर दोन लिप्यांत लिहून द्यायचं: वर देवनागरी, खाली कन्नड. पुण्याच्या पोराला हे जमत नाही, बेंगळुरूच्याला निम्मंच जमतं. बसच्या पाट्या आणि सातबाऱ्याचे उतारे वाचून आपल्याला दोन्हींची सवय, आणि कधी नव्हे ते त्या सवयीचं कौतुक होतं.

तीन बाय पाच इंची कोरी कार्डं दोनशे आणि तिरक्या टोकाचे मार्कर चार पुरेत. नियम एकच: स्पेलिंग विचारायचं नाही, नाव उच्चारायला सांगायचं. मग गंमत सुरू होते. कॅथी आणि केटी या दोघी देवनागरीत सरळ वेगळ्या दिसतात, कारण मराठीनं ॲ आणि ऑ ही चिन्हं करून ठेवलीत. कन्नडमध्ये तो ॲ नाही, म्हणून कॅथीला क्या जोडून क्याथी असं लिहितात, जसं बँकेच्या पाटीवर ब्यांक असतं. जॉनचं तिथं जान होतं. पण मेग आणि मे या दोघी आल्या की पारडं फिरतं. मराठीत दोघींना एकच मात्रा. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा, त्यामुळं मेगला ऱ्हस्व आणि मे-ला दीर्घ. हा फरक शेजारी शेजारी दाखवला की भाषाशास्त्राचे प्राध्यापक तिथंच खुर्ची ओढून बसतात, मागं रांग तुंबते.

चूक कुठं होते? शेवटच्या अक्षरात. मराठीत जॉन असं लिहिलं की न आपोआप तुटका वाचला जातो, पाय मोडायची गरज नाही. कन्नडमध्ये पाय मोडला नाही तर वाचणारा पूर्ण न वाचतो आणि जानचं जान-अ होतं. घाईत देवनागरीच्या सवयीनं हे चिन्ह राहून जातं. दुसरी चूक व आणि व्ह ची. विलला व, व्हिव्हियनला व्ह, अशी मराठीची रीत; कन्नडमध्ये दोन्हींना एकच अक्षर. आधी देवनागरी, मग कन्नड असा क्रम ठेवला तर एका कार्डाला चाळीसेक सेकंद लागतात आणि तासाला साठ-सत्तर माणसं होतात. शिरोरेषा अक्षरं झाल्यावर एका दमात मारायची. कन्नडचा तलकट्टू, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची खूण, मात्र अक्षरागणिक. कुणी म्हणालं की हे दंडावर गोंदवून घेणार, तर कार्ड दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यायला सांगावं. शाई पुसते, गोंदण नाही.

मराठी सिनेमा दाखवायची हौस असते. घरगुती खात्यावरचा सिनेमा हॉलमध्ये लावता येत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना घ्यावा लागतो. वर्गात शिकवण्याचा भाग म्हणून प्राध्यापकानं दाखवला तर कायद्यात सूट आहे, पण खुल्या कार्यक्रमाला ती लागू नाही. त्या खर्चात पोह्यांची तीन टेबलं होतील.

आठवड्यात एक दुपार नोकरीच्या नियमांची असते. तिथं नाचगाणं नसतं, पण सोडू नये. शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४. अर्ज शिक्षण संपायच्या ९० दिवस आधीपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंत. सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच. या आठवड्यात खुर्च्या लावण्याचे तास कॉलेज पगारी धरत असेल तर तेही त्या २० मध्येच मोजायचे. मेसमध्ये आधीच १८ तास असलेली पोरं इथं चुकतात.

शुक्रवारी संध्याकाळी ७ ला शेवटचा कार्यक्रम असतो. लेझीम, साडी नेसवणं, गाणी. साडीला सेफ्टी पिना मोजून दहा धरा. नाच फेसबुकवर थेट दाखवायचा असेल तर सिनेमातलं गाणं लावू नये. हक्काच्या तक्रारीनं आवाज बंद पडतो आणि बेळगावात बसलेल्या आजीला मुकी लेझीम दिसते. ढोलकी किंवा हलगी स्वतः वाजवलेली चालते. व्हिडिओ कॉलचाच दुवा पाठवला तर सगळ्यात सोपं.

घरच्यांसाठी वेळ: मधल्या पट्ट्यातल्या वेळेपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेदहा तास पुढं असतो, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि फरक साडेअकरा होतो. तिकडं शुक्रवारी संध्याकाळचे ७, म्हणजे आपल्याकडं शनिवारी सकाळचे ६:३०. जुन्या हिशोबानं साडेपाचला उठून बसलात तर तासभर रिकामा स्टेज आणि खुर्च्या मांडणारी पोरं दिसतील.