गावाचं जुनं मोडी दप्तर मिळवताना आलेला माझा अनुभव

पाच आठवडे. एका नकलेसाठी पाच आठवडे मी तालुक्याच्या ऑफिसात चकरा मारल्या आणि दर वेळी एकच उत्तर, "तुमच्या गावाचं एवढं जुनं रेकॉर्ड नाही." आता नक्कल हातात आलीय पण तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही गुजर, तापीकाठचे. गाव नेमकं कोणी वसवलं याची घरात नुसती सांगोवांगी. वहीवंचा, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारा, यायचा तेव्हा आजोबा त्याच्याकडून पिढ्या वाचून घ्यायचे, आता तोही येत नाही. गावात जुनी बारव आहे, तिच्याजवळ पहिल्या घराण्यांची नावं दगडावर कोरायचं ठरलं. ग्रामसभेत सगळे हो म्हणाले, पण पुरावा लागेल ना.

अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प लावला. रेकॉर्ड रूममध्ये २०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची गर्दी, तिथल्या लोकांवर ताण आहे हे मलाही दिसत होतं. पण शोधायच्या आधीच नाही म्हणायचं हे पटत नाही. एकदा म्हणे जीर्ण झालं, पुढच्या वेळी म्हणे वाळवीने खाल्लं, तिसऱ्यांदा साहेब मीटिंगला. शंभर किलोमीटर जाऊन-येऊन, पिकाला पाणी द्यायचं सोडून, आणि रिकाम्या हाताने घरी. मग मी सांगितलं की नाही असं लेखी द्या, नष्ट केलं असेल तर त्याची नोंद दाखवा, त्यासाठी २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. माहिती अधिकाराचा अर्जही टाकला, त्यात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तरी दप्तर सापडलं ते वेगळ्याच कारणाने. एका रिटायर्ड तलाठी आप्पांनी विचारलं, "बाळा, तुमचं गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! खान्देशचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे १९०६ ला झाले, तालुकेही बदलले, रावेरकडचा भाग जसा आधी सावदे तालुक्यात मोडायचा. आमचा गठ्ठा जुन्या तालुक्याच्या नावाखाली बांधलेला होता, लाल रुमालात, गाठ इतकी घट्ट की शिपायाने दाताने सोडली. त्यामुळे अर्जात जुना तालुका आधी लिहा. १८८० चं खान्देश गॅझेटियर नेटवर फुकट आहे, त्यात बघून घ्या.

मोडी वाचणारा मात्र आधीच शोधून ठेवा, मी नंतर शोधला आणि पंधरा दिवस गेले. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांची जाण असलेली माणसं भेटतात. आणि हो, नकलेवर सही-शिक्का तिथेच तपासा, माझ्या दुसऱ्या पानावर शिक्काच नव्हता, परत जावं लागलं.

पहिल्या पानावर अकरा खातेदार निघाले, त्यात आमचं कूळ चौथं. होळकरांच्या फौजांची लुटालूट आणि १८०३ चा दुष्काळ यात खान्देशातली गावंच्या गावं ओस पडली होती, १८१८ नंतर लोक हळूहळू परत वस्तीला आले. त्यामुळे हे अकरा जण आधीपासूनचे की दुसऱ्यांदा आलेले, ते या कागदावरून कळत नाही. दगडावर म्हणून "पहिले रहिवासी" न लिहिता "दप्तरातले सर्वात जुने खातेदार" असंच कोरतोय.

घरी आलो तर आजी ओट्यावरच बसलेली. "भेटनं का?" म्हणाली. मी नक्कल तिच्या मांडीवर ठेवली, तिला मोडी येत नाही, तरी चौथ्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.