मोजे घालूनच नाचायचं, तर रोज सकाळी बार कशाला?

"मुलीला कंटेम्पररी बॅलेच करायचाय, मग क्लासिकलची आठ-दहा वर्षं आणि पॉइंट शूजचा खर्च कशासाठी?" पालकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. (पॉइंट शूज म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक शूज; कंटेम्पररी म्हणजे क्लासिकलचे नियम मोडत केलेला आजचा नाच.) व्हिडिओत त्यांना मोजे घातलेले डान्सर जमिनीवर घसरताना दिसतात, पाठीची कमान होते, पावलं मुद्दाम मोडलेली असतात. यात बॅले आहेच कुठे, असं वाटणं साहजिक आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

कंटेम्पररी बॅले करणाऱ्या कंपनीत सकाळी बारवर, म्हणजे भिंतीलगतचा दांडा धरून, शरीर वर ओढून धरायचं असतं, दुपारी त्याच शरीराचं वजन जमिनीत सोडायचं असतं आणि संध्याकाळी प्रेक्षकांसमोर दोन्ही करून दाखवायचं असतं. पगार मिळतो तो हा बदल रोज, स्वतःला इजा न करता करण्याचा. आणि त्यातली सकाळची बाजू शिकायला आठ-दहा वर्षं लागतात, कारण ती वाढत्या हाडांवर आणि स्नायूंवर हळूहळू बसवावी लागते. विशीत ती नव्याने बसवणं फार अवघड.

नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ यांनी १९८७ साली पॅरिस ऑपेराच्या बॅले कंपनीसाठी 'इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड' हे बॅले केलं, ते बघा. त्यात मुली पॉइंटवरच आहेत. फक्त खुबा अक्षाच्या बाहेर ढकललेला, हात शेवटच्या टोकापर्यंत ताणलेले, आणि तोल सुटतो आहे असं वाटेपर्यंत जोडीदारापासून लांब झुकलेलं अंग. हे करताना उभ्या पायाचा घोटा आणि पोटाचे आतले स्नायू सरळ उभं राहण्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. ज्या मुलीला सरळ पॉइंटवर दोन सेकंदही तोल धरता येत नाही, तिचा घोटा इथे मुरगळणारच.

मोठ्या कंपन्यांत दिवस साधारण दहाच्या क्लासने, म्हणजे सगळ्यांच्या रोजच्या सरावाने, सुरू होतो. क्लास सव्वा ते दीड तासाचा. मुख्य भूमिका करणाऱ्यालाही तो चुकत नाही. बरेच जण अर्धा-पाऊण तास आधीच येऊन पोटऱ्या, तळपाय आणि पोट जागं करतात. बारवर आधी प्लिए (गुडघे वाकवणं), मग तांद्यू (पाय ताणत जमिनीवर सरकवणं), देगाजे (तोच पाय किंचित उचलणं), रॉं द जांब (पायाने वर्तुळ काढणं), फाँद्यू (एका पायावर वाकणं), फ्रापे (पावलाचा झटका), मग संथ अदाज आणि शेवटी ग्रां बातमां (पाय उंच फेकणं). क्रम सोयीसाठी लावलेला नाही. आधी दोन्ही पायांवर वजन, मग एका पायावर. आधी जमिनीला लागून, मग हवेत. पाय खांद्याच्या वर फेकायची वेळ येईपर्यंत खुबा गरम झालेला हवा. उशिरा येऊन थेट ग्रां बातमां मारणाऱ्याची मांडीमागचा स्नायू ओढला जातो, हे दर सीझनला कुठे ना कुठे घडतं.

यातला एकच तांद्यू जवळून बघू. पाचव्या पोझिशनमधून (पावलं बाहेर वळवून एकापुढे एक चिकटवलेली) पाय पुढे सरकतो तेव्हा टाच आधी पुढे जाते. तळवा जमिनीला घासत जातो, टाच सुटते, मग कमान, मग चवडा, आणि शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली राहतात. परत येताना हाच क्रम उलटा: बोटं, चवडा, कमान, टाच. उडीवरून उतरताना पाऊल नेमक्या याच क्रमाने उघडतं. बोटं, चवडा, टाच, मग गुडघा वाकतो आणि धक्का वाटला जातो. तांद्यूत चवडा गाळून थेट टाच टेकवायची सवय असेल तर उडीनंतर धप्प असा आवाज येतो आणि तो धक्का नडगीत जातो. मोज्यांवर घसरताना थांबायचं कुठे, हेही हाच चवडा ठरवतो. तेव्हा जमिनीवरच्या नाचाची तयारी बारवरच चाललेली असते.

आता दुसरी बाजू. फक्त क्लासिकल केलेल्या मुलीची कंटेम्पररीत तीन ठिकाणी अडचण होते.

पहिलं टर्नआउट. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून, आणि किती वळायचा हे बरंचसं हाडाच्या ठेवणीवर असतं. पावलं जमिनीला चिकटवून जबरदस्तीने वळवली की गुडघ्याला पीळ बसतो आणि कमान आत कोसळते. बरं, वर्षानुवर्षं पाय बाहेर वळवूनच काम केलं असेल तर पावलं समांतर ठेवून उडी मारताना गुडघे आत येतात, कारण खुब्याच्या बाजूच्या स्नायूंना तिथून धरायची सवयच नसते. म्हणून एका पायावरचे स्क्वॉट, बाजूला पाय उचलण्याचे व्यायाम, वजन घेऊन पोटऱ्या उचलणं हे आता डान्सरच्या आठवड्यात असतंच. बारच्या क्लासमधून ही ताकद येत नाही.

दुसरं कणा. क्लासिकलमध्ये पाठ उंच आणि शांत. इथे एकेक मणका सोडत खाली यायचं, पीळ द्यायचा, कमान करायची. घाईत शिकलेले डान्सर मागे वाकताना सगळी कमान कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांतूनच काढतात. वाढीच्या वयात हे रोज केलं तर तिथेच स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक भेग, होऊ शकतं. मागे वाकल्यावर, विशेषतः एका पायावर उभं राहून, कंबरेत एकाच ठिकाणी टोचत असेल तर ते 'स्नायू आखडलेत' म्हणून सोडू नये.

तिसरं पडणं. पडण्याचाही क्रम असतो: पोटरीची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, कुल्ला, मग कोपरापासून पुढचा हात. श्वास सोडत खाली यायचं. गुडघ्याची वाटी आणि ताठ मनगट यांवर कधीच नाही. रिहर्सलला नी-पॅड लावतात, शोला बहुधा काढतात. म्हणजे नी-पॅडवर विसंबून शिकलेलं पडणं शोच्या दिवशी गुडघ्याला कळतं.

दुपारी रिहर्सल. क्लास धरून दिवसाचे सात-आठ तास सहज भरतात. एका संध्याकाळी तीन छोटी बॅले असतील तर तिन्हींची रिहर्सल एकाच दिवशी लागू शकते: एक पॉइंटवर, एक मोज्यांवर, एक अनवाणी. इथे फरशीचा प्रश्न येतो. खाली लवचीक लाकडी फ्लोअर आणि वर विनाइलचं (प्लॅस्टिकसारखं) आवरण, हे दोन्ही लागतं. काँक्रीटवर नुसतं विनाइल अंथरणाऱ्या हॉलमध्ये उड्या मारू नयेत. पॉइंट शूज घसरू नयेत म्हणून काही जण त्यांना रोझिनची, म्हणजे राळेची, भुकटी लावतात. तीच भुकटी विनाइलवर राहिली की मोजा मध्येच अडकतो, पाऊल थांबतं आणि गुडघा वळत राहतो. म्हणून अनेक ठिकाणी विनाइलवर राळेला बंदी असते किंवा मध्यंतरात फरशी पुसून घेतात. गिरकीला पकड हवी आणि घसरणंही हवं, तर काही डान्सर मोज्याला फक्त चवड्याखाली भोक पाडतात. साधी युक्ती आहे, पण चालते.

पॉइंट शूजबद्दल तर पालकांना आधीच नीट सांगायला हवं. बोटांभोवतीचा पुढचा कडक भाग म्हणजे बॉक्स. पारंपरिक शूजमध्ये तो गोणपाटासारखं कापड आणि कागद यांचे थर खळीने चिकटवून बनवलेला असतो. तळाला आतून चामडं किंवा पुठ्ठ्याची पट्टी, तिला शँक म्हणतात. खळ घामाने मऊ होते, म्हणजे शूज घातल्या क्षणापासून मरायला लागतात. शिकणाऱ्या मुलीचा जोड काही आठवडे चालतो. मोठ्या क्लासिकल भूमिकेत एकाच शोमध्ये एकापेक्षा जास्त जोड संपतात. जोडाची किंमत साधारण शंभर डॉलरच्या घरात. कंपनीत तो खर्च कंपनी करते, विद्यार्थ्याचा खर्च पालक करतात.

नवा जोड आला की तो तसाच घालत नाहीत. शँक टाचेकडच्या टोकाला कापून पाऊण लांबीची ठेवतात, म्हणजे ती कमानीखाली वाकते. बॉक्सच्या बाजू हाताने दाबून मऊ करतात, टोकाचं सॅटिन कापून टाकतात किंवा तिथे जाड दोऱ्याने शिवण घालतात, तळाला सुरीने चरे पाडतात. आवाज कमी करायला टोक काँक्रीटवर आपटतात. रिबन आणि इलॅस्टिक स्वतःच शिवायचं, रिबनची टोकं काडीच्या ज्योतीवर जाळून बंद करायची. बॉक्स मऊ पडत आला की आतून सुपरग्लू ओततात, त्याने थोडं आयुष्य वाढतं. शूज एका दिवसाआड घालावेत, मधे उघडे वाळवावेत. बॅगेत कोंबलेला ओला जोड दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. मेलेल्या जोडात पाय टोकाच्या पुढे जातो, आणि तो भार घोट्याच्या मागच्या बाजूला आणि पावलाच्या दुसऱ्या लांब हाडावर येतो. पैसे वाचवायला जुना जोड ओढत राहणं सगळ्यात महाग पडतं.

रंगाचंही सांगायला हवं. गुलाबी शूज हे गोऱ्या कातडीशी जुळावेत म्हणून आहेत. सावळ्या डान्सरना वर्षानुवर्षं मेकअपचं फाउंडेशन थापून जोड रंगवावा लागायचा. लंडनच्या 'फ्रीड' या शूज बनवणाऱ्या कंपनीने 'बॅले ब्लॅक' या नृत्यकंपनीसोबत २०१८ मध्ये तपकिरी छटांचे पॉइंट शूज आणले, तेव्हा कुठे ब्रिटनमध्ये तयार जोड मिळू लागले. इतका उशीर व्हायला नको होता.

दुखापती बहुधा बदलाच्या आठवड्यात होतात. समजा सहा आठवडे मोज्यांवरचं नवीन काम चाललं. त्या काळात बोटांची कातडी मऊ पडते, तळपायाचे छोटे स्नायू आणि पोटऱ्या पॉइंटचा भार विसरतात. मग पुढच्या सोमवारपासून पॉइंटवरच्या बॅलेची रिहर्सल दिवसाला चार तास. फोड येतात ते ठीक, पण पावलाच्या हाडातही ताण साठतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे: मोज्यांच्या आठवड्यांतही दोन-तीन दिवस क्लासचा शेवटचा भाग पॉइंटवर करायचा. मुलांची गोष्ट वेगळी, त्यांची कंबर आणि खांदे लिफ्टमध्ये, म्हणजे जोडीदाराला उचलताना, जातात, तेही दिवसाच्या शेवटी, दमल्यावर. आणि जेवण. कमी खाऊन नाचणाऱ्या मुलीची पाळी बंद पडली तर हाडं ठिसूळ होत असल्याची ती घंटा आहे. 'डान्सरचं असंच असतं' म्हणणाऱ्या शिक्षकाकडून मुलीला काढून घ्या, इतकं स्पष्ट माझं मत आहे.

किती वर्षं चालतं हे? अठरा-एकोणिसाव्या वर्षी पहिला करार, मग पस्तिशीच्या आसपासपर्यंत. पॅरिस ऑपेरात निवृत्तीचं वय ४२ आहे. हेगच्या नेदरलँड्स डान्स थिएटरने १९९१ मध्ये चाळिशीपुढच्या डान्सरसाठी वेगळा गट काढला होता, तो २००६ पर्यंत चालला. असं पाऊल आणखी कंपन्यांनी उचलायला हवं होतं. जर्मनीतल्या सरकारी थिएटरांत करार बहुधा एकेका सीझनचा असतो, आपोआप पुढे वाढतो. नेदरलँड्समध्ये डान्सरच्या पुढच्या शिक्षणासाठी १९८६ पासून खास निधी आहे. करार सही करताना पगाराइतकंच हेही विचारावं.

आपल्याकडून तिथे पोचता येतं. नवी मुंबईचा आमिरुद्दीन शाह २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला तो मुंबईत बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकून, आणि त्याने बॅले सुरू केला टीनएजमध्ये. मुलांना इतका उशीर कधी कधी खपतो, मुलींना पॉइंटमुळे कमी. ग्रेडच्या परीक्षांची सर्टिफिकेटं जमवण्यात वर्षं घालवू नका, कंपन्या ती विचारत नाहीत. त्या व्हिडिओ मागतात: थोडा बार, थोडं सेंटर (दांडा न धरता मधोमध), मुलगी असेल तर पॉइंट, एक क्लासिकल व्हेरिएशन (बॅलेतला ठरलेला एकट्याचा नाच) आणि दीड-दोन मिनिटांचा कंटेम्पररी सोलो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या 'प्री द लोझान' स्पर्धेतही पंधरा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक स्पर्धकाला क्लासिकल आणि कंटेम्पररी अशी दोन्ही व्हेरिएशन करावी लागतात. व्हिडिओ काढताना कॅमेरा कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवा, पावलं फ्रेमच्या बाहेर जाऊ देऊ नका, सैल कपडे नकोत, आणि मधे कट नको. निवडणारे आधी तांद्यू बघतात, सोलोपर्यंत नंतर येतात.