व्हिसाविना भूतान: फुंत्शोलिंगच्या खिडकीपासून दोचुलापर्यंत

भूतानला जाण्यासाठी भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावर विसंबून जे प्रवासी आधार कार्ड खिशात घालून थेट सीमेलगतचे जयगाव गाठतात, त्यांना सीमेवरच्या खिडकीपाशी पुढचे नियम कळतात. व्हिसा नसला तरी प्रवेश परवाना घ्यावा लागतो, त्या परवान्यासाठी ओळखीचे दोनच दस्तऐवज चालतात आणि देशात घालवलेल्या प्रत्येक रात्रीसाठी माणशी शुल्क भरावे लागते. आमच्या सहलीचा मार्ग, मुक्काम आणि खर्च हे सारे या तीन गोष्टींनीच ठरवले, म्हणून डोंगर आणि मठ यांच्याआधी त्यांच्याविषयी लिहितो.

पहिला प्रश्न दस्तऐवजांचा. प्रौढ भारतीय व्यक्तीकडे किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र असावे लागते. आधार, पॅन किंवा वाहन परवाना या कामासाठी ग्राह्य धरले जात नाहीत. आपल्याकडे सिम कार्डापासून बँकेच्या खात्यापर्यंत सर्वत्र आधार मागितले जात असल्यामुळे ही गोष्ट अनेकांना पटतच नाही. आमच्याच घरात यावर दोन दिवस चर्चा चालली होती. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पासपोर्ट किंवा जन्म दाखला चालतो, मात्र दाखला इंग्रजीत असावा लागतो आणि मूल पालकांसोबत असावे लागते. महाराष्ट्रातील महापालिका आणि ग्रामपंचायती देतात तो दाखला बहुधा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो, त्यामुळे पुतणीच्या बाबतीत आम्हाला काही अडचण आली नाही. जुना, केवळ मराठीत हाताने लिहिलेला दाखला ज्यांच्याकडे असेल, त्यांनी नवा काढून घेतलेला बरा.

खरी गुंतागुंत नावांची होती. आमच्या आत्यांचा पासपोर्ट कधी काढलेलाच नव्हता आणि त्यांच्या मतदार ओळखपत्रावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे होते, तर विमानाचे तिकीट आधारवरील नावाने काढायचे होते. बागडोगऱ्यापर्यंतचे विमान देशांतर्गत असल्यामुळे तिथे आधार पुरते. भूतानचा परवाना मात्र मतदार ओळखपत्रावरील नावाने मिळतो आणि हॉटेलचे आरक्षण त्याच नावाशी जुळावे लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हा प्रश्न घरोघरी आहे. मतदार यादीतील नोंद दुरुस्त करण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो आणि दुरुस्त कार्ड हाती येईपर्यंत काही आठवडे जातात, हे लक्षात घेऊन आत्यांचा अर्ज आम्ही सहलीच्या तारखा ठरवण्याआधीच भरला होता. ज्यांच्याकडे दोन्ही दस्तऐवज आहेत त्यांनी पासपोर्ट वापरावा असे माझे मत आहे. त्यावरील नाव, जन्मतारीख आणि छायाचित्र यांविषयी खिडकीवर कोणी शंका घेत नाही.

बागडोगरा ते जयगाव हा रस्ता साधारण चार तासांचा. सेवोकच्या पुढे तिस्ता ओलांडली की दुआरांचा प्रदेश सुरू होतो; चहाचे मळे, साल वृक्षांची जंगले, कोरड्या नद्यांची रुंद पात्रे आणि उत्तरेला सतत सोबत करणारी निळसर डोंगररांग. कोलकात्याहून रेल्वेने येणारे सियालदहची कांचनकन्या एक्सप्रेस पकडून हासिमारा स्थानकावर उतरतात, तिथून जयगाव जवळच आहे. जयगाव हे पश्चिम बंगालच्या अलीपूरद्वार जिल्ह्यातील गजबजलेले, धुळीचे, व्यापारी गाव आहे आणि त्याच्या टोकाशी भूतानी शैलीतील रंगीत कमान उभी आहे. कमानीच्या अलीकडे हॉर्नचा गोंगाट आणि पलीकडे झेब्रा क्रॉसिंगपाशी निमूट थांबणाऱ्या मोटारी; एका भिंतीइतक्या अंतरात पडणारा हा फरक प्रत्येक प्रवासी सांगतो आणि तो खरोखरच तसा आहे. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान पहाऱ्यावर असतात, परंतु भारतीय नागरिकाला तिथे पासपोर्टवर शिक्का घ्यावा लागत नाही. परवान्याचे सर्व सोपस्कार कमानीपलीकडच्या फुंत्शोलिंग या भूतानी गावात, भूतानी इमिग्रेशनच्या कार्यालयात होतात. फुंत्शोलिंगखेरीज सामत्से, गेलेफू आणि सामद्रुप जोंगखार ही रस्त्याने प्रवेशाची आणखी ठिकाणे आहेत, आणि विमानाने येणारा प्रवासी पारोला उतरतो.

परवान्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा सीमेवर पोहोचून करता येतो. आम्ही आधीच ऑनलाइन अर्ज केला होता आणि तसाच करावा असे मी सुचवीन, कारण अर्जात मुक्कामाची ठिकाणे, हॉटेलचे आरक्षण आणि ये-जा करण्याच्या तारखा भराव्या लागतात, आणि हे काम घरी शांतपणे बसून केलेले चांगले. हॉटेल किंवा होमस्टे भूतानच्या पर्यटन विभागाने प्रमाणित केलेले असावे लागते. खिडकीवर घो हा भूतानी पुरुषांचा पारंपरिक पोशाख परिधान केलेल्या अधिकाऱ्यांनी शुद्ध हिंदीत विचारले, ‘‘पासपोर्ट की वोटर कार्ड?’’ आत्यांनी दोन्ही हातांनी आपले कार्ड पुढे केले. त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करण्यात आले, त्यांनी पदर सारखा केला आणि काही मिनिटांत आयुष्यातील पहिला परदेशी परवाना त्यांच्या हाती पडला. त्यानंतर परतेपर्यंत तो कागद त्यांनी पर्समध्ये ठेवलाच नाही, गळ्यात अडकवलेल्या पाकिटात ठेवला, आणि ते योग्यच होते, कारण पुढे तो अनेकदा दाखवावा लागला.

आता शुल्काविषयी. सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘एसडीएफ’, भारतीयांसाठी प्रौढ व्यक्तीमागे प्रतिरात्र १,२०० रुपये इतका आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मा, ६०० रुपये, आणि त्याहून लहान मुलांना काहीच नाही. तीन प्रौढ आणि एक दहा वर्षांचे मूल असे कुटुंब पाच रात्री राहिले, तर केवळ या शुल्कापोटी २१,००० रुपये होतात, आणि त्यात हॉटेल, मोटार, जेवण किंवा मठांचे प्रवेशशुल्क यांतील काहीही येत नाही. सहलीचा हिशेब करताना अनेक जण हा आकडा विसरतात आणि मग एखाद्या कंपनीचे ‘स्वस्त’ पॅकेज पाहून हुरळून जातात. त्या किमतीत एसडीएफ धरला आहे की नाही, हा पहिला प्रश्न विचारावा. फुंत्शोलिंगसारख्या ठरवून दिलेल्या सीमेवरील गावात चोवीस तासांपर्यंत राहणाऱ्याला हे शुल्क पडत नाही. त्यामुळे उशिरा पोहोचणाऱ्यांनी पहिली रात्र जयगावात किंवा फुंत्शोलिंगमध्येच काढावी आणि सकाळी ताजेतवाने होऊन डोंगर चढावा, हा आम्हाला स्थानिक चालकाने दिलेला सल्ला आर्थिकदृष्ट्याही शहाणपणाचा ठरला.

या शुल्काला थोडा इतिहास आहे. भूतानने परदेशी पर्यटकांना दारे उघडली ती १९७४ मध्ये, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, आणि तेव्हापासून पर्यटक कमी असावेत पण त्यांनी पुरेसा खर्च करावा हे धोरण तिथे राहिले. भारतीय मात्र त्यातून वगळलेले होते आणि दीर्घकाळ कोणतेही दैनिक शुल्क न भरता येत-जात होते. २०२० मध्ये आपल्यालाही शुल्क लावण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी साथीमुळे सीमा बंद झाल्या आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी त्या पुन्हा उघडल्या तेव्हा भारतीय पर्यटकांना १,२०० रुपयांची पहिली पावती मिळू लागली. इतर देशांच्या बहुतेक नागरिकांसाठी हाच दर त्या वेळी २०० डॉलर होता, तो सप्टेंबर २०२३ पासून १०० डॉलरवर आणला गेला. त्यांना व्हिसाही घ्यावा लागतो. तुलनेने आपली आकारणी सौम्य आहे हे मान्य. आठ लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या, राज्यघटनेनेच साठ टक्के भूभाग जंगलाखाली ठेवण्याचे बंधन घातलेल्या देशाने पाहुण्यांकडून काही मागणे मला गैर वाटत नाही. तरीही पूजेच्या सुट्टीत कुटुंबकबिला घेऊन दोन दिवस फिरून येणारा बंगालमधील साधा प्रवासी या दराने मागे हटला, आणि जयगावातील चहावाल्यापासून मोटारवाल्यापर्यंत प्रत्येक जण ते बोलून दाखवतो. त्यांचे म्हणणे ऐकल्यावर शुल्काचा हेतू चांगला असला तरी दर सर्व भारतीयांना सरसकट एकच का, असा प्रश्न माझ्या मनात राहिला.

शुल्क रात्रींवर मोजले जात असल्यामुळे आमच्या आराखड्यावर त्याचा थेट परिणाम झाला. फोबजिखाचे खोरे आणि बुमथांग आम्ही यादीतून काढले आणि थिंफू, पुनाखा आणि पारो एवढेच ठेवले. स्वतःची मोटार नेण्याचा विचारही सोडून दिला, कारण परदेशी वाहनाला दररोज ४,५०० ङुल्ट्रम (भूतानी चलन) वेगळे भरावे लागतात आणि भूतानी क्रमांकाची भाड्याची मोटार त्याहून सोयीची पडते.

फुंत्शोलिंग सोडून काही किलोमीटर वर चढले की रिंचेंदिंगची चौकी लागते. खरा प्रवेश इथे होतो असे म्हटले तरी चालेल, कारण खालचे गाव आणि वरचा देश यांच्यामध्ये परवाना तपासणारी ही पहिली जागा आहे. पुढचा वळणावळणांचा रस्ता सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने बांधला; त्या प्रकल्पाची सुरुवात १९६१ मध्ये झाली. त्याआधी, सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा असा मोटाररस्ता नव्हता, म्हणून ते सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून पारोला पोहोचले होते. एका पंतप्रधानांना ज्या देशात जाण्यासाठी तिसऱ्या देशाच्या भूमीतून वाट काढावी लागली, तिथे आज आम्ही गेडूला चहा घेऊन दुपारच्या जेवणापर्यंत थिंफूला पोहोचत होतो. धुके उतरले की मात्र चालक बोलणे थांबवतात आणि प्रवाशांनीही थांबवावे.

थिंफूला पोहोचल्यावर दोन व्यावहारिक गोष्टी केल्या. घड्याळे अर्धा तास पुढे केली, आणि स्थानिक सिम घेतले. त्यासाठी पुन्हा परवाना आणि ओळखपत्र दाखवावे लागले. पैशांची चिंता फारशी नाही, कारण ङुल्ट्रम आणि रुपया यांचे मूल्य समान आहे आणि भारतीय नोटा बहुतेक ठिकाणी घेतल्या जातात. यूपीआयचे क्यूआर स्वीकारणारा भूतान हा पहिला परका देश आहे, ही व्यवस्था जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तरी लहान दुकानांसाठी रोख रक्कम जवळ असावीच.

थिंफूहून पुनाखाकडे जाताना होंगत्सो येथे आणखी एक तपासणी चौकी आहे. थिंफू आणि पारो यांच्या पलीकडे जाताना भारतीय पर्यटकांसोबत परवानाधारक गाईड असावा लागतो, त्यामुळे आमचा गाईड त्या दिवसापासून सोबत आला आणि चौकीवरचे बोलणे त्यानेच केले. आम्ही मोटारीतच बसून होतो. तरीही अधिकाऱ्याने खिडकीतून डोकावून प्रत्येक चेहरा परवान्याशी ताडून पाहिला. तिथून थोड्याच वेळात सुमारे ३,१०० मीटर उंचीवरची दोचुला खिंड आली. तिथल्या १०८ चोर्तेनांभोवती, म्हणजे स्तूपांभोवती, ढग रेंगाळत होते आणि समोरची हिमशिखरे तासभर वाट पाहूनही दिसली नाहीत. आत्यांना त्याचे वाईट वाटले नाही. त्यांनी प्रत्येक चोर्तेनाला हात लावत प्रदक्षिणा पूर्ण केली आणि गाईडला पुनाखाच्या नद्यांविषयी विचारू लागल्या. पो छू आणि मो छू यांच्या संगमावरचा सतराव्या शतकातील पुनाखा जोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, दुपारच्या उन्हात पाहिला, आणि बंद कॉलर, पूर्ण बाह्या, डोक्यावर टोपी नाही हा प्रवेशाचा नियम तिथे काटेकोरपणे पाळला जातो हेही पाहिले.

मुक्काम वाढवायचा असेल तर थिंफूच्या इमिग्रेशन विभागात अर्ज करून वाढीव रात्रींचे शुल्क भरावे लागते. पारोमध्ये तक्त्सांग मठाची चढण चढून आल्यावर आमच्यातील काहींना तो मोह झाला होता, परंतु परतीची तिकिटे बागडोगऱ्याहून ठरलेली होती. विमानाने थेट परतणाऱ्या भारतीयाला पारोच्या विमानतळावरही मतदार ओळखपत्र चालते. मात्र वाटेत बँकॉक किंवा काठमांडूसारख्या ठिकाणी उतरून पुढे फिरायचे असेल, तर त्या देशांचे नियम वेगळे तपासावेत आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. आम्ही रस्त्यानेच उतरलो. रिंचेंदिंगला परवाने पुन्हा पाहिले गेले, फुंत्शोलिंगमध्ये बाहेर पडल्याची नोंद झाली, आणि कमान ओलांडण्याआधी उरलेले ङुल्ट्रम तिथल्याच दुकानात संपवून टाकले, कारण जयगावच्या बाजारात ते चालत असले तरी सिलिगुडीच्या पुढे कोणी घेत नाही.