तुम्ही विचारलंत म्हणून: शिकून पगार वाढला का?

हळदीकुंकवाला, बसमध्ये, परवा तर दवाखान्याच्या रांगेतही तेच. "ताई, चाळिशीला टेकल्यावर बी.कॉम. केलंत. पगार किती वाढला?" एकदाच नीट सांगते.

शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी, मग बारावी, मग मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या सातपूरला कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर उभं राहून केलं, हे तुम्हाला माहीत आहे. २०१६ ची, हिशेबाच्या कामासाठीची मुलाखत मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.

शेठनी मार्कशीट उलटसुलट पाहिली. "मुक्तची होय?" म्हणाले आणि ७,००० सांगितले. मला ओव्हरटाइम धरून ९,५०० पडत होते. राज्याच्या कायद्याने १९८९ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, पदवी इतरांइतकीच ग्राह्य, सगळं पाठ होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. स्टॉपवर येऊन बसले. सकाळची पाळी करूनच गेले होते, बोटांना चिकटपट्टीचा डिंक तसाच. नखाने तो खरवडत मी तीन बस जाऊ दिल्या. मुलाची फी, सासऱ्यांची औषधं, आणि शिकून घरात अडीच हजार कमी आणायचे? तिसऱ्या दिवशी फोन करून हो म्हटलं. भिशी बंद केली. सासूबाईंना वर्षभर खरा आकडा कळू दिला नाही.

मग जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. आधीच्या व्हॅट करात मुरलेल्या जुन्या अकाउंटंटनाही मालाचे एचएसएन कोड, इनपुट क्रेडिटचे (खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याचे) बदललेले नियम नवेच होते. पहिल्यांदा मी आणि ते एकाच रेषेवर उभे होतो. रात्री जागून शिकले. आज दुसरीकडे २६,००० घेते.

मग पगार पदवीने वाढला की जीएसटीने? पदवीशिवाय त्या खुर्चीत मला कुणी बसवलं नसतं, एवढं नक्की. पूर्वी मी लाइनवरच्या बायकांना छातीठोकपणे सांगायचे, शिका, पगार वाढतोच. तो 'च' मी आता लावत नाही. माझ्याबरोबर पदवी घेतलेली मैत्रीण अजून पॅकिंगलाच आहे. अभ्यासात ती माझ्या पुढे होती. तिलाही असंच कमी पगाराचं काम चालून आलं होतं. माझ्या घरात नवऱ्याचा पगार होता, तिच्या घरात तिचाच. अडीच हजार सोडणं तिला परवडणारं नव्हतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. "तू हिंमत केली नाहीस," असं मी तिला तोंडावर म्हटलंय.

गेल्या महिन्यात तिने विचारलं, टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायला किती दिवस लागतात. तीन महिने, म्हटलं. पगाराचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.