आमची वाटचाल: पंप, पूर आणि पत्र्याचे बिल्ले

आमच्या डिझेल पंप दुरुस्तीच्या गाळ्यात नवा पोरगा कामाला आला की त्याच्या हातात पाना देत नाही. पत्र्याचे तुकडे, हातोडा आणि नंबरपंचांचा डबा देतो आणि सांगतो, शंभर बिल्ले ठोक. दोन दिवसांत निम्मे पळतात. "आयटीआय करून आलोय, बिल्ले ठोकायला नाही," असं एकानं तोंडावर सांगितलं. बिल्ल्यांचं कारण पुढं येईलच.

१९९४ साली सांगलीत कोल्हापूर रोडला दहा बाय वीसच्या गाळ्यात आम्ही दोघांनी डिझेल पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल सोडणाऱ्या भागांच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं. मी आणि माझा भागीदार. त्याचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. माझा आयटीआयचा डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, त्याचा मोटर मेकॅनिक दोन वर्षांचा. त्यामुळं तो शेवटपर्यंत स्वतःला सीनियर समजायचा.

टेस्ट बेंच, म्हणजे पंप फिरवून तपासायचं मशीन, सेकंडहँड घेतला होता, आठ नळ्यांचा. पंप चढवायचा, फेजिंग बघायचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं तेल वेळेवर सुटतं का ते, मग तेल कमी-जास्त करणारा रॅक धरून ठरल्या स्ट्रोकला काचेच्या नळ्यांत डिलिव्हरी मोजायची. चार सिलिंडरचा पंप असला तर चारही नळ्यांत तेल एका रेषेत उभं राहिलं की पंप जमला. नोझलचं कान सांगतो. टेस्टरचा दांडा दाबला की चांगलं नोझल करकरतं आणि फवारा धुक्यासारखा सुटतो. बिघडलेलं नोझल, आमच्या भाषेत, मुततं. शिकाऊ पोरांनो, त्या फवाऱ्याखाली गंमत म्हणूनही बोट धरू नका. तेल कातडी भेदून आत जातं, वरून टाचणीएवढं दिसतं आणि बोट कापायची वेळ येते. २००८ पासून पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव बॉश झालं, तरी आमचं गिऱ्हाईक अजून 'मायकोचा पंप'च म्हणतं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं कामात गेली. घर झालं, दोन मुली झाल्या.

२०११ ला भागीदार म्हणाला, कॉमन रेलचा बेंच घेऊ, कर्ज काढू. साधं नोझल दोनशे बार दाबाच्या आसपास उघडतं. कॉमन रेलमध्ये सगळ्या नोझलना एकाच नळीतून तेल जातं, दाब सोळाशे बार आणि वर, शिवाय सगळं कॉम्प्युटरच्या हुकमावर. मी नको म्हणालो, तो वेगळा झाला. माझं चुकलं का? अर्धं चुकलं. कार आणि नव्या ट्रकचं काम त्या बाजूला गेलं, आणि १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-सिक्स नियम आल्यावर तर परतीची वाटच बंद झाली. पण त्यानं जाताना आम्ही तयार केलेली दोन पोरं नेली आणि गिऱ्हाइकांच्या डायरीची झेरॉक्स नेली, ती कुठल्या नियमात बसते हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी तगलो ते ट्रॅक्टरवर. जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले ते ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना. माझ्याकडं येणारे बहुतेक त्याच्या आतले, साध्या पंपाचे. उसाच्या सीझनला डबल ट्रॉली ओढून ओढून पंप थकतात आणि काळा धूर सोडत आमच्या दारात येतात.

आता पूर. २००५ च्या पाण्याची रेघ मी भिंतीवर ऑइलपेंटनं मारून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढायला लागली तेव्हा दुरुस्तीला आलेले ३८ पंप त्या रेघेच्या दोन फूट वर मांडले आणि निवांत घरी गेलो. शहाणपणा! आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. शटर उघडलं तेव्हा पंप मांडणीसकट खाली पडलेले, बेंचच्या नळ्यांत गाळ बसलेला आणि पंपांना दोऱ्यानं बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा लगदा झालेला. कुणाचा पंप कुठला, काही कळेना. पंपातला तेल ढकलणारा दांडा म्हणजे प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल, ही लग्नाची जोडी असते, मध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट; एकाचा प्लंजर दुसऱ्याला चालत नाही आणि गंजाचा एक ठिपका पडला की जोडी भंगारात. म्हणून हाताला लागेल ते आधी डिझेलच्या पिंपात बुडवलं.

तिसऱ्या दिवशी तासगावचे तात्या आले. द्राक्षबागायतदार, १९९६ पासूनचं गिऱ्हाईक. बागेतला छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागं फवारणीचा ६०० लिटरचा ब्लोअर, तो तसाच दारात उभा केला. पंखा बंद ठेवला, फवारणीच्या जोरदार एचटीपी पंपाला गन जोडली आणि गाळा धुवायला लागले. मी म्हटलं, तात्या, राहू द्या. ते म्हणाले, "माझाबी पंप हितंच हाय न्हवं? हुडकायला नको?" खरं तर त्यांचा पंप मी जुलैतच परत दिला होता. त्यांनाही ते माहीत होतं.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या भागीदारानं व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरवला: पुरात अडकलेल्या पंपांसाठी ग्राहकांनी आमच्याकडे संपर्क साधावा. वर तोंडी बातमी अशी, की मी धंदा बंद करतोय. मला फोन करून "बेंच वाचला का रे?" एवढं विचारलं असतं तरी मी मागचं सगळं विसरलो असतो. नाही केला.

विम्याचंही ऐका. सर्वेअर म्हणाले, हे पंप तुमच्या मालकीचे नाहीत, पॉलिसीत बसत नाहीत. गॅरेज काढणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचा माल पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा. एजंट आपणहून सांगत नाही.

भिजलेल्या वहीची पानं थोरलीनं इस्त्री फिरवून वाळवली. पंपावरच्या प्लेटचा नंबर आणि वहीतली नोंद जुळवत ३६ मालक सापडले. तेव्हापासून पत्र्याचा बिल्ला, ठोकलेला नंबर आणि तारेची गाठ. बेंच पुन्हा दुरुस्त करून घेतला आणि कुपवाडला उंचावर जागा भाड्यानं घेतली. २०२१ ला जुन्या गाळ्यात पुन्हा पाणी आलं. मी बघायला गेलो नाही.

पोरं विचारतात, या लाइनीत पुढं काय आहे? पाना फिरवणं ही एक वाट. शोरूममध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर लागतो, त्याला गाडीपेक्षा गिऱ्हाईक कळावं लागतं. स्कॅनर सगळ्यांकडं असतो, पण स्कॅनरनं दाखवलेला कोड म्हणजे दुखणं नव्हे, ही समज असलेला माणूस मिळत नाही. पार्ट्सच्या काउंटरला पोरं कमीपणा मानतात. माझी धाकटी तिथंच बसते. पार्ट नंबरचा शेवटचा आकडा बदलला की प्लंजर वेगळा, हे तिला पाठ आहे आणि चुकीचा माल तिच्या हातून जात नाही. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना आयआरडीएआयचं, म्हणजे विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं लायसन काढून विम्याचा सर्वेअर होता येतं. व्हा बापडे, पण गाळात उभ्या असलेल्या माणसाशी जरा नीट बोला. इलेक्ट्रिक गाड्यांना पंपही नाही आणि नोझलही नाही, हे मला कळतं. म्हणून पोरांना संध्याकाळी मल्टिमीटर धरायला लावतो.

३८ पैकी दोन पंप अजून मांडणीवर आहेत. दोन्ही चार सिलिंडरचे. एकाच्या बॉडीवर छिन्नीनं फुली मारलेली आहे, दुसऱ्याला हिरवा रंग फासलाय. दोन्ही दुरुस्त करून, बेंचवर लावून तयार ठेवलेत, दर पावसाळ्याआधी तेल बदलतो. कुणाचे असतील त्यांनी ओळख पटवून घेऊन जावेत. मजुरी २०१९ च्याच दरानं लावीन. रविवारी बंद असतं.